राजवाड्याचं पोट सुटू नये म्हणून: फोटो जोडून पॅनोरमा करणाऱ्या नवशिक्यांसाठी लेन्स आणि सेटिंग

मी फोटो जोडून केलेला पहिला पॅनोरमा आमच्या इंदूरच्या राजवाड्याचा. समोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ उभी राहून डावीकडून उजवीकडे अकरा फोटो काढले, घरी येऊन संगणकावर जोडले आणि मोठ्या हौसेनं सासूबाईंना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "अगं, राजवाड्याचं पोट सुटलंय. रोज रात्री सराफ्यात जातो वाटतं." (सराफा म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार.)

खरंच होतं. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, अशी ती सरळसोट सात मजली दर्शनी बाजू मधोमध फुगली होती आणि दोन्ही टोकांना खाली घसरली होती. शिवाय पिवळ्या हेल्मेटवाला एकच गृहस्थ चित्रात तीन ठिकाणी उभा होता. आणि आकाश? साडीच्या दुकानात एकाच रंगाच्या छटा शेजारी शेजारी मांडाव्यात तसे निळे पट्टे.

तेव्हा मी सगळा दोष लेन्सला दिला. वाइड लेन्स नाही म्हणून असं झालं, अशी माझी पक्की समजूत. आता नवीन मुलं मला विचारतात, "ताई, पॅनोरमासाठी कुठली लेन्स घेऊ?" तेव्हा मी सांगते, काही घेऊ नका. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स भरपूर झाली (आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका लहान तितका देखावा रुंद, म्हणजे वाइड). वरच्या तिन्ही चुका लेन्स न बदलता सुटतात. एक चौथी चूक असते, ती माझ्या वाट्याला नंतर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या नदीकाठच्या दगडी स्मारकांवर, आली. ती सगळ्यांत चिवट, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

आधी अंतर बघा

अंगठा डोळ्यांसमोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. मागची भिंत जागेवर राहते आणि अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. कॅमेरा फिरवताना लेन्स जागची थोडी जरी सरकली, तरी हेच होतं. जवळचा खांब एका फोटोत मागच्या खिडकीच्या डावीकडे, तर दुसऱ्यात उजवीकडे. मग सॉफ्टवेअरनं दोन्ही फोटो कसे जुळवायचे? खांब जुळवला तर खिडकी तुटते, खिडकी जुळवली तर खांब दोन होतात. याला पॅरलॅक्स म्हणतात.

किती फरक पडतो ते एकदा हिशेब करून बघितलंत की आयुष्यभर लक्षात राहील. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, लेन्स १८ मिमीवर आहे, कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतोय आणि लेन्सचा प्रकाश घेणारा बिंदू त्या स्क्रूच्या ८ सेंटिमीटर पुढे आहे असं धरा. ३० अंश फिरवल्यावर तो बिंदू साधारण ४ सेंटिमीटर सरकतो. १ मीटरवर खांब असेल तर तो मागच्या देखाव्याच्या तुलनेत सुमारे १९० पिक्सेल सरकलेला दिसतो. तोच खांब ५० मीटरवर असेल तर जेमतेम ४ पिक्सेल. आणि अर्ध्या किलोमीटरवरचं झाड? अर्धा पिक्सेलसुद्धा नाही.

म्हणून जागेवर पोचल्यावर पिशवीची चेन उघडण्याआधी चौकटीत येणारी सगळ्यांत जवळची वस्तू किती लांब आहे ते बघायचं. इंदूरमध्ये त्याची तीन इयत्ता सांगते.

पहिली इयत्ता जानापाव. महूच्या पुढचा हा डोंगर, चंबळ इथेच उगम पावते. माथ्यावरून दिसतं ते सगळं लांबचं, त्यामुळे हातात कॅमेरा धरून काढलं तरी चालतं. शिकायला सुरुवात इथूनच करा. दुसरी इयत्ता राजवाड्याचा चौक: इमारती लांब, पण माणसं, ई-रिक्षा, फुगेवाले जवळ. ट्रायपॉड असेल तर बरं. तिसरी इयत्ता कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. तिथे खांब अक्षरशः हाताला लागतात. तिथे लेन्सखाली ओळंबा लागतो, त्याबद्दल पुढे.

लेन्स कोणत्या आकड्यावर ठेवायची

वाइड लेन्सनं कमी फोटोंत काम होतं, हे बरोबर आहे. पण कडा ताणल्या जातात, कोपरे काळवंडतात आणि लांबचे डोंगर मुंगीएवढे होतात. जोडकामाचा फायदाच हा, की रुंदी आपण फोटोंच्या संख्येतून मिळवतो. मग लेन्स कशाला वाइड हवी? माझा सल्ला: किट लेन्स १८ वर न ठेवता २४ ते ३५ मिमीच्या दरम्यान ठेवा. तिथे ती बऱ्यापैकी सरळ वागते. जानापावसारख्या ठिकाणी ५० मिमीसुद्धा छान, कारण धुरकट क्षितिजावरच्या डोंगररांगांना तेव्हा वजन येतं.

कॅमेरा उभा धरायचा. आडवा धरला तर वरचा कळस आणि खालची फरशी दोन्ही कापले जातात, आणि जोडल्यावर हाती येते लांबलचक रिबीन. उभ्या चौकटीत फोटो जास्त लागतात. लागू देत, कार्डात जागा आहे.

क्रॉप सेन्सरवर उभा कॅमेरा किती रुंदी पकडतो, ते ढोबळ असं: १८ मिमीवर ४७ अंश, २४ वर ३६, ३५ वर २५ आणि ५० वर जवळजवळ १८. प्रत्येक फोटोचा साधारण एक तृतीयांश भाग पुढच्या फोटोत पुन्हा यायला हवा. म्हणजे २४ मिमीवर दर वेळी २४ अंश फिरायचं, आणि अर्ध्या वर्तुळाला ७ फोटो लागतात. ३५ वर त्याच कामाला ११, ५० वर १५. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर हीच रुंदी मिळवायला आकडा दीडपट धरा: २४ च्या जागी ३६.

अंश कसे मोजायचे? घड्याळ आठवा. घड्याळात एका तासाचं अंतर ३० अंश. मी ट्रायपॉडच्या गोल तळाला कागदाची घड्याळाची तबकडी चिकटवली आहे आणि १८ मिमीवर असले की एक एक "तास" सरकते. बारा वाजले की पूर्ण चक्कर. ट्रायपॉड नसेल तर चौकटीच्या उजव्या तिसऱ्या भागात एखादी खूण हेरा, समजा राजवाड्याचा एक झरोका, आणि पुढच्या फोटोत तीच खूण डाव्या कडेला येईल इतकं फिरा.

झूमची रिंग एकदा ठरवली की हात लावायचा नाही. जुनी लेन्स खाली झुकवली की आपोआप सरकते. माझी सरकते, म्हणून मी रिंगवर कागदी चिकटपट्टी लावते. दिसायला गबाळं, पण काम चोख.

सेटिंग: सगळं कुलूपबंद

कॅमेरा दर फोटोला स्वतःचं डोकं चालवतो. एरवी ते सोयीचं, इथे तोट्याचं. माझ्या आकाशाचे पट्टे त्यामुळेच झाले होते: सूर्याकडच्या फोटोत कॅमेऱ्यानं उजेड कमी केला, सावलीकडच्यात वाढवला. क्रमानं असं करा.

१. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. जेपेग चालतं, पण नंतर सावल्या उघडायला वाव राहत नाही. मेन्यूत उजेड आपोआप सावरणारी, एचडीआरसारखी जी काही सोय असेल ती बंद.

२. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८. किट लेन्स तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसते आणि कोपऱ्यांचा काळेपणाही कमी होतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० किंवा २००, ऑटो आयएसओ बंद. हा ऑटो आयएसओ चोरपावलांनी चालू राहतो. एम मोडवर (छिद्र आणि शटर दोन्ही आपण ठरवायचे) गेलात तरी तो बंद झाला असं समजू नका, पडद्यावर बघून घ्या.

३. आता ए मोडवर (छिद्र आपण ठरवतो, शटर कॅमेरा) ठेवून संपूर्ण देखाव्यावरून कॅमेरा एकदा नुसता फिरवा आणि शटरचे आकडे वाचा. समजा सर्वांत उजळ बाजूला १/५०० दिसलं आणि सावलीत १/१२५. एम मोडवर जाऊन १/३२० ठेवा, म्हणजे उजळ बाजूच्या जवळचं. सावली नंतर उघडता येते, पण पांढरं फटक झालेलं आकाश परत येत नाही. चाचणीचा एक फोटो सर्वांत उजळ दिशेला काढून बघा. भर उन्हात एफ ८ आणि आयएसओ १०० ला १/४०० च्या आसपास येईल. हातात धरून काढत असाल तर १/२०० च्या खाली उतरू नका, त्यापेक्षा आयएसओ वाढवा.

४. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवरून काढून उन्हाच्या चिन्हावर. ढगाळ असेल तर ढगाच्या. कुठला निवडता याला फार महत्त्व नाही, सगळ्या फोटोंना तो एकच असला म्हणजे झालं.

५. फोकस. मुख्य विषयावर एकदा ऑटो फोकस करा आणि लगेच लेन्सवरचं बटण एम वर सरकवा. २४ मिमीच्या आत, एफ ८ ला, काळजीचं कारण नसतं: १८ मिमीवर साधारण २ मीटरवर फोकस केलात तर १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ५० मिमीवर मात्र तसं नाही. तिथे १६ मीटरवर फोकस करावा लागतो आणि ८ मीटरच्या अलीकडचं धूसर होतं.

६. ट्रायपॉडवर असाल तर लेन्समधलं कंपन थोपवणारं बटण बंद. हातात असाल तर चालू.

७. पोलरायझर फिल्टर लावला असेल तर काढा. तो सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश सर्वांत गडद करतो आणि बाकीचं तसंच सोडतो. रुंद चित्रात मधेच निळा डाग पडतो, तो कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट जात नाही.

मोबाइलवाल्यांसाठी दोन ओळी. सरकवत काढायचा तयार पॅनोरमा मोड बाजूला ठेवा, फोन उभा धरून सुटे फोटो काढा. ०.५ नको, १ वरची मुख्य लेन्स वापरा, आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व उजेड लॉक करा. बाकी सगळं वर सांगितल्यासारखंच.

ओळंब्याची गोष्ट

कॅमेरा फिरवायचा तो लेन्सच्या आतल्या एका विशिष्ट बिंदूभोवती. मग पॅरलॅक्स होत नाही. हा बिंदू साधारण लेन्सच्या पुढच्या भागात कुठेतरी असतो. लेन्समध्ये समोरून बघितलं तर छिद्र जिथे असल्याचा भास होतो, ती जागा. त्यासाठी खास सरकपट्टीचे हेड मिळतात, पण किमती बघून मी पुन्हा पिशवीची चेन लावली.

आमच्या गल्लीत तेव्हा एका घराचं बांधकाम चालू होतं. मिस्त्री भिंत सरळ आहे का ते बघायला दोरी सोडत होता, खाली पितळी वजन. तो त्याला साहुल म्हणतो, आपण ओळंबा. मला तिथेच सुचलं. बाजारातून छोटा ओळंबा आणला, लेन्सच्या पुढच्या भागाला रबरबँडनं दोरी बांधली आणि जमिनीवर खडूनं फुली मारली. फोटो काढताना ओळंब्याचं टोक फुलीवरून हलू द्यायचं नाही. एवढंच. पाय फुलीच्या भोवती सरकवायचे. देवाला प्रदक्षिणा घालतो तसं आपण कॅमेऱ्याभोवती फिरायचं, कॅमेऱ्यानं आपल्याभोवती नाही. हातात कॅमेरा धरून नुसतं कमरेतून वळलात तर लेन्स स्क्रूच्या ८ सेंटिमीटरऐवजी आपल्या मणक्यापासून ३० सेंटिमीटर पुढे फिरते, आणि वरचा १९० पिक्सेलचा घोटाळा ७०० वर जातो.

कृष्णपुऱ्याला पहिल्यांदा ओळंबा सोडून उभी राहिले तेव्हा तिथला चौकीदार बराच वेळ बघत होता. खाली नदी, माझ्या हातात दोरी, दोरीला वजन. शेवटी तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "दीदी, यहाँ मछली नहीं मिलेगी."

मासा नाही, पण छत्रीच्या कमानींमधून पलीकडचं शहर दिसणारा माझा पहिला न तुटलेला पॅनोरमा त्या दिवशी मिळाला. (अशा ठिकाणी ट्रायपॉड नेण्याआधी दारावर विचारून घ्या. ओळंब्याला मला अजून कोणी अडवलेलं नाही.)

दोरी नेमकी कुठे बांधायची ते घरीच ठरवा. जवळ एक उभी वस्तू ठेवा, खिडकीजवळ समई चालेल, आणि मागे लांबचा विजेचा खांब. दोन्ही एका रेषेत आणा. आता कॅमेरा दोरीभोवती असा फिरवा की समई चौकटीच्या डाव्या कडेला जाईल, मग उजव्या कडेला. समई आणि खांब एकमेकांपासून सुटले नाहीत तर दोरी बरोबर जागी आहे. सुटले तर दोरी अर्धा सेंटिमीटर मागे किंवा पुढे घेऊन पुन्हा बघा. झूमचा आकडा बदलला की हा बिंदूही सरकतो, म्हणून मी २४ मिमीची जागा पक्की करून लेन्सवर नखरंगाचा ठिपका ठेवला आहे.

प्रत्यक्ष काढताना

पहिल्या फोटोआधी लेन्ससमोर हात धरून एक फोटो, शेवटच्या फोटोनंतर आणखी एक. घरी दोनशे फोटोंच्या गर्दीत कुठला संच कुठे सुरू झाला ते या दोन हातांमुळे कळतं.

ट्रायपॉड असेल तर त्याचे पाय लावून तळ आधी समतल करा, बुडबुडा मधोमध. नुसता कॅमेरा सरळ करून भागत नाही. तळ तिरका असला तर एक बाजू वर आणि एक खाली जाते आणि क्षितिज सापासारखं वळतं.

पिवळ्या हेल्मेटचं रहस्य असं: मी डावीकडून उजवीकडे वळत होते आणि तोही डावीकडून उजवीकडे चालला होता. बिचारा प्रत्येक फोटोत हजर. गर्दी ज्या दिशेनं वाहतेय तिच्या उलट वळा. राजवाड्यावर मी शक्यतो पहाटे जाते. पोह्यांच्या गाड्या लागायच्या आधी चौक मोकळा असतो. गर्दीत जावंच लागलं तर प्रत्येक जागी दोन-तीन फोटो काढा. नंतर ज्यात माणूस अर्धा कापला गेला नाही तो वापरता येतो. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असलेले दीनदयाळ १८७४ साली याच शहरात कॅमेऱ्याकडे वळले आणि पुढे राजा दीनदयाळ म्हणून गाजले. त्यांना एकेका फोटोला एक काच खर्ची घालावी लागे. आपल्याला जादा फोटोला पैसाही पडत नाही, मग कंजुषी कशाला?

राजवाड्याची उंची एका ओळीत मावत नाही. मी आधी समतल ओळ काढते, मग कॅमेरा वर कलवून दुसरी. दोन ओळींतही तिसरा हिस्सा एकमेकांवर यायला हवा.

जोडताना, आणि त्या पोटाचा इलाज

हगिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मी तेच वापरते. पीटीगुई विकत मिळतं, लाइटरूम ज्यांच्याकडे आहे त्यांना त्यातही जोडता येतं. हगिनमध्ये फोटो टाकले की ते दोन फोटोंतल्या सारख्या जागा स्वतः शोधतं. त्या जागांची यादी उघडून बघाच. पानांवर, ढगांवर, चालत्या माणसांवर पडलेले बिंदू काढून टाका, दगडाच्या कोपऱ्यांवरचे ठेवा. पाच मिनिटांचं काम, पण निम्मे सांधे इथेच सुधारतात. नको असलेल्या माणसावर मास्क ओढला की शेजारच्या फोटोतला मोकळा भाग तिथे येतो.

आता पोट. गोल पसरलेला देखावा सपाट कागदावर आणायचा म्हणजे संत्र्याची साल सपाट करणं. कुठेतरी ताणावं लागतं. सिलिंड्रिकल पद्धतीत उभ्या रेषा सरळ राहतात, पण क्षितिजाच्या वरच्या आणि खालच्या आडव्या रेषा वाकतात. जानापावच्या डोंगरांना त्याचं काही वाटत नाही. समोर उभ्या असलेल्या सरळ इमारतीला मात्र पोट सुटतं. रेक्टिलिनिअर पद्धतीत सगळ्या सरळ रेषा सरळ राहतात, पण १०० अंशांच्या पलीकडे गेलात की दोन्ही टोकं रबरासारखी ताणली जातात. तेव्हा एकट्या राजवाड्याचं चित्र हवं असेल तर १०० अंशांच्या आत काढा आणि रेक्टिलिनिअर निवडा. अख्खा चौक हवा असेल तर सिलिंड्रिकल, आणि शक्य तितकं मागे सरका. मागे सरकलात की इमारत कमी अंशांत मावते आणि वाकही कमी दिसतो. इमारतीच्या दोन-तीन उभ्या कडांना उभी रेषा म्हणून खूण केलीत तर झुकलेल्या भिंतीही सरळ होतात.

शेवटी कडा कापा. काळे दातेरी कोपरे जातील, वरचा थोडा भागही जाईल, म्हणून काढतानाच वर-खाली मोकळी जागा ठेवलेली बरी. २४ मिमीवरचं १८० अंशांचं चित्र सुमारे १९,००० पिक्सेल रुंद होतं. इंचाला ३०० पिक्सेल या दरानं छापलं तर सव्वापाच फूट. छापायला देण्याआधी दुकानात कागदाची सर्वांत मोठी लांबी विचारून घ्या. माझा पहिला मोठा पॅनोरमा दोन तुकड्यांत छापून हातात आला होता, आणि जोड नेमका मुख्य दरवाजावर. तो आमच्या बैठकीत अजून टांगलेला आहे. नवीन पाहुणे आले की सासूबाई त्यांना मुद्दाम तो जोड शोधायला लावतात.